जुन्या कॉम्प्युटरचा आवाज परत परत जातो तेव्हा

बाबांच्या कॉम्प्युटरचा आवाज गेल्या चार पावसाळ्यांत पाच वेळा गेला. चिपळूणजवळच्या आमच्या घरी २०१० मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि बोर्डावरच रिअलटेकची एएलसी६६२ ही आवाजाची चिप. आधी विंडोज ७ होतं, आता १० आहे. निवृत्तीनंतर बाबांनी नाट्यसंगीताच्या आणि कीर्तनांच्या कॅसेटी एकेक करून या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि रोज संध्याकाळी ते त्याच ऐकतात. त्यामुळे आवाज गेला की घरात काहीतरी हरवल्यासारखं होतं, आणि पुण्यात माझा फोन वाजतो.

पहिल्या वेळी मी चूक केली. जवळच्या एका दुकानात सीपीयू पाठवला, त्यांनी "विंडोज खराब झालंय" म्हणून फॉरमॅट मारला. आवाज आला. डेस्कटॉपवर ठेवलेलं बाबांचं लिखाण मात्र गेलं. गाणी डी ड्राइव्हवर होती म्हणून वाचली. दोन आठवड्यांनी आवाज पुन्हा बंद. तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे: आवाज कुठल्या टप्प्यावर अडलाय हे कळल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही, ड्रायव्हर (म्हणजे विंडोज आणि चिप यांना जोडणारा प्रोग्रॅम) बदलायचा नाही, काहीही विकत आणायचं नाही.

आधी स्पीकर

स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलच्या हेडफोनच्या भोकात घाला. मोबाइलला भोक नसेल तर टीव्ही किंवा रेडिओ चालेल. गाणं वाजलं तर स्पीकर, त्याचा अ‍ॅडॉप्टर आणि वायर ठीक आहेत. काहीच हाताशी नसेल तर स्पीकर चालू ठेवून, आवाज निम्म्यावर करून, पिनच्या टोकाला बोट लावा. "घूंऽऽ" असा आवाज आला की आतला अ‍ॅम्प्लिफायर जिवंत आहे.

इथे एक लक्षण नीट ओळखून ठेवा, कारण ते भल्याभल्यांना चकवतं. वाद्यं लांबून आल्यासारखी ऐकू येतात, पण गाणारा गायब. किंवा नवी गाणी वाजतात आणि जुनं मोनो रेकॉर्डिंग जवळजवळ मुकं. हे बहुधा सॉफ्टवेअरमुळे होत नाही. स्पीकरच्या पिनवर तीन भाग असतात: टोक, मधली कडी आणि मागचा दांडा. दांडा म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक तार. ती तुटली किंवा पिन पूर्ण आत बसली नाही, तर स्पीकरला डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक मिळतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच असतो, त्यामुळे तो वजा होऊन जातो. मोनो रेकॉर्डिंगमध्ये तर सगळंच सारखं असतं. बाबा एकदा म्हणाले, "पेटी ऐकू येत्ये, बुवा ऐकू येत नाहीत." पिन टक् आवाज होईपर्यंत दाबायला सांगितली आणि बुवा परत आले.

तांबडी फुली काय म्हणते ते वाचा

घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर तांबडी फुली असेल तर त्यावर माउसचा बाण नुसता धरा. एक ओळ दिसेल. बहुतेक जण ती न वाचताच "ड्रायव्हर उडाला" असं ठरवून टाकतात. पण या ओळी वेगवेगळ्या असतात आणि त्यांचे अर्थही अगदी वेगळे.

"नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड" असं असेल तर विंडोजला आवाजाची चिपच सापडत नाहीये. इथे ड्रायव्हर किंवा बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममधली, सेटिंग बघायची. "नो स्पीकर्स ऑर हेडफोन्स आर प्लग्ड इन" असं असेल तर चिपही आहे आणि ड्रायव्हरही चालू आहे, फक्त भोकात पिन आहे हे त्याला कळत नाही. इथे ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी उपयोग नाही, भोक बघायचं. आणि ऑडिओ सर्व्हिस चालू नाही अशी ओळ असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून, येणाऱ्या चौकटीत 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' इंग्रजीत टाइप करा. यादीत 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन्हींपुढे 'ऑटोमॅटिक' असायला हवं. नसेल तर तसं करून दोन्ही सुरू करा.

हिरव्या पट्ट्या

फुली नाही, आवाजाची पट्टी वर आहे, म्यूट नाही, तरीही शांतता. अशा वेळी मी फोनवर सगळ्यात आधी हेच करायला सांगतो. एखादं गाणं चालू ठेवा. पुन्हा विंडोजचं बटण आणि आर. चौकटीत इंग्रजीत ही अक्षरं टाका: एम, एम, एस, वाय, एस, मग टिंब, मग सी, पी, एल. एंटर दाबलं की आवाजाची खिडकी उघडते. 'प्लेबॅक' या पानावर आवाज बाहेर पाठवणाऱ्या साधनांची यादी असते आणि प्रत्येकासमोर एक उभी पट्टी. गाण्याबरोबर ती हिरवी होऊन वरखाली होते.

पट्टी नाचत असेल तर गाणं वाजवणारा प्रोग्रॅम आणि विंडोज या दोघांनी आपलं काम केलंय, अडचण त्यापुढे आहे. कुठलीच पट्टी हलत नसेल तर अडचण अलीकडे आहे, म्हणजे प्रोग्रॅमचाच आवाज बंद आहे, ब्राउझरच्या टॅबवर म्यूट आहे असं काहीतरी. निम्मा शोध इथेच संपतो.

मात्र पट्टी कुणाची नाचत्ये तेही बघा. दुसऱ्या खेपेला आमच्याकडे हेच झालं होतं. जुना मॉनिटर गेला, मी नवा पाठवला, सोबत एचडीएमआयचं भोक असलेलं साधं ग्राफिक्स कार्ड. एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो, जुन्या निळ्या व्हीजीए वायरीतून तो जात नसे. विंडोजने नव्या मॉनिटरलाच मुख्य स्पीकर मानलं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते.

"बाबा, हिरवी पट्टी हलत्ये का?"

"हलत्ये. पण मॉनिटरच्या नावापुढची."

'स्पीकर्स' या ओळीवर उजवं बटण दाबून 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट डिव्हाइस' करा. मॉनिटरच्या ओळीवर उजवं बटण दाबून 'डिसेबल' करा. नुसतं डिफॉल्ट केलं तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर पुन्हा तेच होऊ शकतं. 'स्पीकर्स' ही ओळ दिसतच नसेल तर यादीतल्या रिकाम्या जागी उजवं बटण दाबून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस' आणि 'शो डिस्कनेक्टेड डिव्हाइसेस' या दोन्हींवर खूण करा. चुकून बंद केलेली साधनं तिथेच लपलेली असतात.

याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' हे पानही आहे. कॉल चालू आहे असं विंडोजला वाटलं की ते बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं, मुळात सेटिंगच तसं असतं. व्हिडिओ कॉलनंतर गाणी बारीकच राहतात अशी तक्रार असेल तर तिथे 'डू नथिंग' निवडा. आणि चित्रपटात पार्श्वसंगीत दणक्यात पण संवाद ऐकू येत नाहीत असं असेल तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन स्पीकरची रचना ५.१ (सहा स्पीकरांची) ऐवजी 'स्टिरिओ' (दोन स्पीकरांची) करा. घरात दोनच स्पीकर असले की मधल्या स्पीकरसाठीचे संवाद जायला जागा नसते.

पुढचं भोक

पट्टी 'स्पीकर्स'च्याच ओळीत नाचत्ये, स्पीकर मोबाइलवर वाजतोय, आणि तरी आवाज नाही. आमचा खरा आजार हाच होता, आणि तो कळायला मला दोन वर्षं लागली.

सीपीयूच्या पाठीमागे रंगीत भोकं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी हे रंग ठरले आणि आजही तेच आहेत. स्पीकर मागच्या हिरव्या भोकात असतो. पण कॅबिनेटच्या पुढच्या बाजूलाही हेडफोनचं एक भोक असतं, आणि त्यात हेडफोन घातला की मागचा स्पीकर आपोआप बंद होतो. हे त्या भोकातल्या एका बारीक पत्तीमुळे होतं. पिन आत गेली की पत्ती सरकते आणि चिपला कळतं.

आता ही पत्ती कोकणातल्या दमट हवेत, समुद्र जवळ असलेल्या घरात, बारा-चौदा वर्षं उघडी. आमच्या घरात जून लागला की कपाटातल्या कपड्यांनाही ओल धरते. पत्तीवर हिरवट राप चढला, ती अडकून बसली, आणि हेडफोन लावलेलाच आहे असं कॉम्प्युटर समजत राहिला. मागचा स्पीकर बंद. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सगळं ठीकच होतं, म्हणूनच त्यात शोधून काही सापडत नव्हतं.

त्या फॉरमॅटने आवाज का आला याचाही उलगडा तेव्हाच झाला. सीपीयू रिक्षातून दुकानात गेला, हलला, त्यांनी तपासायला पुढे हेडफोन लावून काढला. तेवढ्याने पत्ती सुटली. फॉरमॅट केला नसता तरी आवाज आलाच असता, आणि बाबांचं लिखाण राहिलं असतं. हे मला अजून लागतं.

ओळखायचं कसं? रिअलटेकचा ड्रायव्हर असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'रिअलटेक एचडी ऑडिओ मॅनेजर' मिळतो. त्यात भोकांची चित्रं असतात आणि ज्यात पिन आहे ते उजळलेलं दिसतं. पुढे काहीच लावलेलं नसताना पुढचं हिरवं भोक उजळलेलं असेल तर चोर सापडला.

घरच्या घरी पहिला उपाय: पुढच्या भोकात हेडफोनची पिन पंधरा-वीस वेळा घाला आणि काढा, अधूनमधून गोल फिरवा. बरेचदा एवढ्याने राप खरवडला जातो आणि आवाज लगेच येतो. तात्पुरता आला तरी कारण पक्कं होतं. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणा, कॉम्प्युटरची विजेची वायर भिंतीवरच्या बोर्डातून काढा, भोकात थोडा फवारा मारा, पुन्हा पिन आतबाहेर करा आणि पूर्ण सुकू द्या. खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका. त्यावर धूळ बसून आणखी बिघडतं.

दुसरा उपाय सॉफ्टवेअरचा. रिअलटेक मॅनेजरमध्ये उजवीकडे एक पिवळ्या फोल्डरचं छोटं चित्र असतं. ते दाबून 'डिसेबल फ्रंट पॅनेल जॅक डिटेक्शन'वर खूण करा. पुढच्या भोकाचं म्हणणं चिप मग मनावर घेत नाही. तिसऱ्या खेपेला मी एवढंच केलं आणि आठ महिने सुखात गेले. मग विंडोज १० चा मोठा अपडेट आला, त्याने रिअलटेकचा ड्रायव्हर बदलून स्वतःचा साधा ड्रायव्हर बसवला, ती खूण पुसली गेली, आणि आवाज चौथ्यांदा गेला. रोग तसाच ठेवून वर पट्टी चिकटवली होती, ती निघाली.

म्हणून कायमचा उपाय: पुढच्या पॅनेलची वायर मदरबोर्डवरून काढून टाकणे. आधी विजेची वायर भिंतीवरच्या बोर्डातून काढा, मग सीपीयूचं चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि बाजूचं झाकण उघडा. बोर्डाच्या कडेला 'एफ ऑडिओ' किंवा तशा नावाच्या नऊ पिना दिसतील, दहावी जागा रिकामी. त्यावरचा कनेक्टर सरळ वर ओढून काढा. शेजारी यूएसबीच्याही तशाच नऊ पिना असतात, फक्त रिकामी जागा वेगळ्या ठिकाणी असते, तेव्हा नाव वाचूनच हात घाला.

एक इशारा मात्र फार महत्त्वाचा. साधारण २००४ नंतर इंटेलची 'एचडी ऑडिओ' पद्धत आली. त्या बोर्डांवर कनेक्टर काढला की काम संपलं. त्याआधीच्या 'एसी ९७' पद्धतीच्या बोर्डांवर मागच्या स्पीकरचा आवाज पुढच्या भोकातून फिरून परत येतो. तिथे नुसता कनेक्टर काढलात तर मागचा आवाज कायमचा बंद होईल. अशा बोर्डावर ५ आणि ६ नंबरच्या पिनांवर एक आणि ९ व १० वर एक जंपर, म्हणजे पिना जोडणारी छोटी टोपी, बसवावी लागते. एसी ९७ च्या कॅबिनेटमध्ये पत्ती खराब झाली की फक्त डावा किंवा फक्त उजवा स्पीकर गेला असंही होतं, त्याचं कारण हेच. अनेक कॅबिनेटांच्या वायरीला दोन कनेक्टर दिलेले असतात, एकावर 'एचडी ऑडिओ' आणि दुसऱ्यावर 'एसी ९७' लिहिलेलं. दोन्हींपैकी एकच लावायचा.

ड्रायव्हरकडे वळायचं असेल तर

साधनच सापडत नाही अशी फुली असेल तेव्हाच. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' बघा. पिवळं चिन्ह असलेल्या साधनाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिटेल्स', त्यात 'हार्डवेअर आयडीज'. तिथे 'व्हेन' (व्ही, ई, एन) या अक्षरांनंतर १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, ११०६ असेल तर व्हीआयएची. 'डेव्ह'नंतरचा आकडा म्हणजे मॉडेल, आमच्याकडे ०६६२. हे दोन आकडे हातात असले की मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर नेमका ड्रायव्हर शोधता येतो. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारे प्रोग्रॅम टाळा, त्यांच्याबरोबर नको ते घरात येतं.

जुळणारा ड्रायव्हर मिळालाच नाही तर विंडोजचा स्वतःचा वापरा. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक', आणि यादीतून 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. त्यात रिअलटेकचा मॅनेजर मिळत नाही, पण आवाज येतो. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत आवाजाचं साधनच नसेल तर कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि 'ऑनबोर्ड ऑडिओ' चालू आहे ना बघा.

बायोसवरून मामांचा कॉम्प्युटर आठवला. त्यांनी वेगळं साउंड कार्ड बसवून बोर्डावरची चिप बायोसमधून बंद केली होती. दर वेळी लाइट बराच वेळ गेली की दुसऱ्या दिवशी आवाज नाही. सोबत घड्याळही काही वर्षं मागे गेलेलं. बोर्डावरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपला होता. वीज गेली की बायोस सगळं विसरत होता, बोर्डावरची चिप पुन्हा चालू होत होती आणि विंडोज आवाज तिकडे पाठवत होतं. नवा सेल घातला, सेटिंग पुन्हा केली, तक्रार संपली. तारीख चुकते आणि आवाजही जातो, हे दोन्ही एकत्र दिसलं तर आधी सेल बदला.

चिप खरंच मेली आहे का याचा निर्णय घ्यायचा असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली सुरू करा, इन्स्टॉल न करता. तिथे आवाज आला तर चिप चांगली, दोष विंडोजमध्ये. तिथेही नाही, 'एचडी ऑडिओ'चा पुढचा कनेक्टर काढूनही नाही, तर चिप गेली असं धरा. तरीही कॉम्प्युटर बाद होत नाही. यूएसबीत लावायचं छोटं साउंड कार्ड मिळतं. पेन ड्राइव्हएवढं, दोन-तीनशे रुपयांत. ते लावलं की विंडोज बहुधा स्वतःच ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

फक्त कॅसेटी उतरवायच्या असतील तर एक लक्षात ठेवा. या स्वस्त कार्डांना आवाज आत घ्यायला बहुतेक वेळा एकच गुलाबी माइकचं भोक असतं आणि ते मोनो असतं. टेपरेकॉर्डरचा जोरकस सिग्नल त्यात फाटतो. त्या कामासाठी स्टिरिओ 'लाइन इन' असलेलंच यूएसबी कार्ड मागा, थोडं महाग पडलं तरी. पाचव्या खेपेला, म्हणजे या जुलैत, बाबांनी मागचं निळं भोकही आतून हिरवट झाल्याचं सांगितलं. त्यांच्या अजून अकरा कॅसेटी उतरवायच्या राहिल्या आहेत. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा मी कालच कुरिअरने पाठवला.